पाहिलंत का काही?

चित्रपटगृहातून बाहेर पडून पार्किंगपर्यंत चालताना माणसं जे बोलतात, त्यावर माझा फार विश्वास आहे. तोवर त्यांनी परीक्षण वाचलेलं नसतं, शेजाऱ्याचं मत ऐकलेलं नसतं, काय बोललो म्हणजे आपण जाणकार दिसू याचा हिशेबही सुरू झालेला नसतो. "त्या पोराच्या हातात शेवटपर्यंत ती पिशवी होती, बघितलंस?" असं कुणीतरी कुणाला तरी विचारतं. चित्रपटाबद्दलचं खरं बोलणं अशाच वाक्यांनी सुरू होतं. ते पुढे चालू राहावं म्हणून मी माझ्या आयुष्यातले बरेच रविवार दिले, आणि त्याचं मला समाधान आहे.

साताऱ्यात आमचं एक लहानसं चित्रपट मंडळ आहे. मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवायचे. नोकरी लागल्यावर थोड्याच दिवसांत एका सहकारी बाईंच्या आग्रहानं मंडळात गेले आणि तिथलीच झाले. काम म्हणजे हॉलची परवानगी काढणं, सभासदांना पोस्टकार्डं टाकणं, सतरंज्या घालणं, वर्गणीचा हिशेब ठेवणं. पुढे चित्रपटानंतरची चर्चा चालवण्याचं काम माझ्याकडे आलं आणि आजही माझ्याकडेच आहे. शाळेतून निवृत्त झाले, मंडळातून झाले नाही. पण आमच्याकडे महिन्यातून एकदा आणखी एक बैठक होते, तिच्यात चित्रपट दाखवत नाहीत. प्रत्येकानं अलीकडे काय पाहिलं आणि त्यात काय दिसलं, एवढंच सांगायचं. थिएटरात पाहिलेलं चालतं, टीव्हीवरचं चालतं, एसटीच्या प्रवासात शेजाऱ्याच्या मोबाइलवर अर्धवट पाहिलेलंसुद्धा चालतं. मंडळाच्या कामातून मला जे काही शिकायला मिळालं, त्यातलं बहुतेक या बैठकीत मिळालं.

ही बैठक ठरवून सुरू झाली नाही. आमचं मंडळ निघालं ते पुण्या-मुंबईच्या मंडळांकडे बघून. कोलकात्यात सत्यजित राय आणि त्यांच्या मित्रांनी १९४७ साली फिल्म सोसायटी काढली, १९५९ साली अशा संस्थांचा देशपातळीवरचा महासंघ झाला, मुंबईत १९६८ साली 'प्रभात चित्र मंडळ' उभं राहिलं. हे लोण हळूहळू जिल्ह्याच्या गावांपर्यंत आलं. आमच्यासारख्यांना मोठा आधार होता तो पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा. १९६४ साली स्थापन झालेलं आणि पी. के. नायर यांनी जीव ओतून वाढवलेलं हे संग्रहालय फिल्म सोसायट्यांना सोळा मिलिमीटरच्या प्रती द्यायचं. आमच्यातलं कुणीतरी सकाळच्या एसटीनं पुण्याला जायचं, लॉ कॉलेज रोडवरून पेट्या घ्यायच्या, रिक्षानं स्वारगेट गाठायचं आणि संध्याकाळच्या आत परत यायचं. प्रोजेक्टर शाळेच्या हॉलच्या मधोमध टेबलावर असायचा. त्याच्या खडखडाटात संवाद नीट ऐकू येत नसत. रीळ संपलं की दिवे लागायचे आणि दुसरं रीळ चढेपर्यंत सगळे एकमेकांशी बोलून घ्यायचे.

बैठकीची सुरुवात झाली त्या दिवशी खरं तर 'पथेर पांचाली' लावायचा होता. हॉल भरला होता, पडदा बांधून झाला होता, पण पेट्या घेऊन येणारी एसटी खंबाटकी घाटात अडकली. मोबाइलचे दिवस नव्हते. तासभर वाट पाहून लोक चुळबुळ करायला लागले, तेव्हा आमचे एक ज्येष्ठ सभासद उठून म्हणाले, "बसलोच आहोत तर बोलू या की. पाहिलंत का काही एवढ्यात?"

सुरुवातीला कुणी बोलेना. फिल्म सोसायटीत बसलो आहोत म्हणजे परदेशी दिग्दर्शकाचंच नाव घ्यायला हवं, असं वातावरण होतं. मग एक परिचारिका उठल्या. ड्यूटी संपवून थेट आल्या होत्या. म्हणाल्या, "मी 'हम आपके हैं कौन' पाहिला. दोनदा." हॉलमध्ये थोडी कुजबुज झाली. तो १९९४ सालचा चित्रपट त्या वेळी गावोगाव धो धो चालत होता आणि आमच्यातल्या गंभीर मंडळींना लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटपेक्षा त्याची किंमत अधिक वाटत नव्हती. बाई शांतपणे पुढे बोलत राहिल्या. "त्या घरात केवढी माणसं, केवढे समारंभ. साखरपुडा, लग्न, डोहाळजेवण. पण सगळ्या पिच्चरमध्ये दमलेलं कुणी दिसत नाही. मी तेवढंच बघायला दुसऱ्यांदा गेले. घरात बाई दमत नाही, असं तीन तास बघायला मिळतं कुठं?"

त्यानंतर हॉल बोलायला लागला. कुणी म्हणालं, स्वयंपाकघराचा भार उचलणारा नोकर तिथे नाचायला आणि रडायला असतो, काम करताना फारसा दिसत नाही. लक्ष्मीकांत बेर्डेला तेवढ्यावरच थांबवलं म्हणून कुणी हळहळलं. थोरल्या सुनेच्या मरणानंतर घर किती लवकर पुन्हा सजतं, हे एका कॉलेजच्या मुलीनं सांगितलं. एका चित्रपटाबद्दल इतकं नेमकं बोलणं आमच्या मंडळात त्याआधी झालं नव्हतं. युरोपातल्या चित्रपटांवर व्याख्यानं झाली होती, टिपणं वाचली गेली होती, पण ऐकणारे ऐकून घरी जायचे. पेट्या पोचल्या तेव्हा हॉलला कुलूप लागलं होतं. 'पथेर पांचाली' आम्ही पुढच्या आठवड्यात पाहिला, आणि दुर्गानं चोरलेली माळ अपू तळ्यात फेकतो, वरचं शेवाळ दुभंगतं आणि पुन्हा मिटतं, त्या जागेबद्दल पहिल्यांदा बोलल्या त्या याच बाई. भीत भीत नव्हे, चांगल्या मोकळेपणानं. महिन्यातून एक दिवस नुसतं बोलण्यासाठी ठेवायचा, हे त्याच आठवड्यात ठरलं.

बैठक सुरू करणं सोपं गेलं. चालवणं अवघड होतं. "कसा वाटला?" असं विचारलं की उत्तर एका शब्दात येतं. छान, रटाळ, टाइमपास, पैसा वसूल. त्यापुढे बोलणं सरकत नाही, कारण 'छान' म्हणणाऱ्याला आणि 'रटाळ' म्हणणाऱ्याला एकमेकांना द्यायला काहीच नसतं. मी मुलांना सहलीला न्यायचे तेव्हा डोंगरावर उभं करून आधी एवढंच विचारायचे, "काय काय दिसतंय?" नदी कुठून येते, गाव कुठल्या अंगाला वसलंय, शेतं कुठे संपतात. 'का' हा प्रश्न नंतर. चित्रपटाच्या बैठकीतही मी तीच पद्धत लावली. आवडला की नाही ते शेवटी सांगा, आधी एक जागा सांगा जी डोळ्यांपुढून हलत नाही. एखादा आवाज सांगितला तरी चालेल. यातून एक गोष्ट लगेच कळली. ज्यांना आपण चित्रपटातलं काही कळत नाही असं मानतो, त्यांना अशा जागा फार नेमक्या सांगता येतात. शिकलेल्या माणसाची जीभ मात्र आधी निष्कर्षाकडे वळते.

आमच्याकडे एक रिक्षावाले दादा येतात. शाळेची मुलं पोचवण्याचा त्यांचा धंदा. त्यांनी 'किल्ला' पाहिला. वडील गेल्यानंतर आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणात आलेल्या मुलाची ती गोष्ट. अविनाश अरुण यांचं दिग्दर्शन आणि कॅमेराही त्यांचाच. बैठकीत त्या कॅमेऱ्याचं, पावसाचं, समुद्राचं भरपूर कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. दादा म्हणाले, "पोरं त्याला किल्ल्यात सोडून निघून जात्यात, तवा माझं पुढच्या पिच्चरकडं ध्यानच न्हाई राहिलं. मी रोज शाळंची पोरं सोडतो बाई. एखादं गेटाबाहेर एकटं उभं दिसलं की मला रिक्षा पुढं नेववत न्हाई." त्या प्रसंगातला मुलाचा राग, म्हणजे घाबरून झालेला नव्हे तर मित्रांनी टाकलं म्हणून आलेला राग, दादांनी पुढे इतका बारकाईनं उलगडला की मी घरी येऊन चित्रपट पुन्हा पाहिला. चांगल्या मताचं लक्षण माझ्या लेखी हेच. ते ऐकून चित्रपट पुन्हा पाहावासा वाटला पाहिजे.

'कोर्ट' २०१५ साली प्रदर्शित झाला तेव्हा आम्ही बरेच जण मिळून गेलो होतो. त्याला त्या वर्षीचं सुवर्णकमळ मिळालेलं होतं, त्यामुळे गर्दी बरी होती. चित्रपटाच्या शेवटाकडे न्यायालयाला सुट्टी लागते, दिवे मालवले जातात आणि पडदा काही क्षण पूर्ण काळा होतो. आमच्या चित्रपटगृहात त्या वेळी निम्मे लोक उठले. पायऱ्यांवर उतरले, चपला शोधायला लागले. आणि मग एकदम पडद्यावर सुट्टीवर निघालेले न्यायाधीश दिसायला लागले. लोक होते तिथेच उभे राहून उरलेला भाग बघत राहिले. चैतन्य ताम्हाणे यांनी हे मुद्दाम केलं असणार, असं मला वाटतं. न्यायालय बंद झालं म्हणजे गोष्ट संपली असं आपण धरून चालतो, आणि गोष्ट तर पुढे चालूच असते.

बैठकीत एक तरुण मुलगा नाराज होता. "कॅमेरा हलतच नाही. एकाच जागी ठेवून दिल्यासारखा." तेव्हा मागून एक गृहस्थ बोलले. न्यायालयात लघुलेखक म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली होती. म्हणाले, "बाळा, कोर्टातल्या बाकावर बसलेल्या माणसाला तरी कुठं हलता येतं?" आणि मग त्यांनी जे सांगितलं ते आमच्यापैकी कुणालाच दिसलं नव्हतं. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश ते ऐकतात आणि आपल्या शब्दांत टंकलेखकाला सांगतात. कागदावर उतरतं ते न्यायाधीशांचं वाक्य. "साक्षीदार चार वाक्यं बोलतो, अडखळतो, रडतो. कागदावर एक ओळ येते. ती ओळ पुढे वरच्या कोर्टात जाते, साक्षीदार जात नाही. तुम्ही सगळे न्यायाधीशांचा चेहरा बघत होतात. मी टाइप करणाऱ्याकडे बघत होतो." त्यांचा आवाज किंचित कापत होता. नोकरीत असताना हे आपण कुणाशी कधी बोललो नाही, असंही ते म्हणाले. बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून एका बाईचं प्रकरण न्यायाधीश ऐकत नाहीत, त्या प्रसंगावर मग कितीतरी वेळ बोलणं झालं. जिल्हा न्यायालयात अशील म्हणून जाऊन आलेल्या दोन बायका बैठकीत होत्या. त्यांच्याकडे सांगायला बरंच होतं.

मी हे ऐकून फार विचार करत राहिले. चित्रपट समजायला चित्रपटाचं शास्त्र आलं तर चांगलंच. पुण्यातला रसास्वादाचा अभ्यासक्रम मी स्वतः केला आहे आणि त्यानं माझे डोळे उघडले हे मी आनंदानं सांगते. पण प्रत्येक माणसानं आपल्या कामाच्या निमित्तानं काही ना काही बघायची सवय लावून घेतलेली असते. शिंप्याला पडद्यावरचा पोशाख उसवलेला दिसतो, परिचारिकेला थकवा दिसतो, लघुलेखकाला हरवलेली वाक्यं दिसतात. ही सगळी नजर एका खोलीत जमली तर एका चित्रपटाचे दहा चित्रपट होतात. समीक्षकानं हे काम एकट्यानं करावं अशी अपेक्षाच चुकीची आहे.

'सैराट'च्या वेळची बैठक मात्र मी विसरणं शक्य नाही. २९ एप्रिल २०१६ ला चित्रपट आला आणि पुढचे कित्येक आठवडे गावात दुसरा विषय नव्हता. लग्नाच्या वरातीत तीच गाणी, रिक्षात तीच गाणी. बैठकीला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त माणसं आली आणि जवळजवळ सगळ्यांचं मत एकच होतं. इंटरव्हलपर्यंत झकास, नंतर ओढलाय. हैदराबादचा भाग निम्मा केला असता तरी चाललं असतं. शेवट जबरदस्त. हे मत गावभर इतकं पक्कं होतं की बोलणारा थांबला की पुढचा तेच वाक्य उचलायचा.

एक मुलगी पहिल्यांदाच आली होती. औषधाच्या दुकानात कामाला होती, तिला तिची मैत्रीण घेऊन आली होती. सगळ्यांचं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "मला पहिला भाग लांब वाटला." लोक हसले. ती हसली नाही. "पहिल्या भागात नवीन काय आहे? तसं सगळ्यांचंच असतं. विहीर नसेल, कॉलेज असेल. आम्हीपण पळून गेलो होतो. पिंपरीला खोली घेतली. पहिल्या रात्री अंथरायला माझी ओढणी होती. दोघांपैकी कुणालाच स्वयंपाक येत नव्हता. तो कामावर गेला की मी दाराला कडी लावून दिवसभर बसायचे. कुणी हाक मारली तरी उघडायचे नाही. तुम्ही म्हणता काही घडत नाही त्या भागात. तेच तर घडत असतं."

मग ती आर्चीबद्दल बोलायला लागली. मोठ्या घरातली, बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी मुलगी परक्या भाषेच्या गावात बाटल्यांच्या कारखान्यात उभी राहते, डोसे विकणाऱ्या बाईच्या आधारानं जगायला शिकते. संशयावरून भांडण होतं, तो हात उचलतो, ती घर सोडून गाडीत बसते आणि परत येते. "ती परत येते ना, तिथं मी श्वास सोडला," ती म्हणाली. "मीपण स्टँडवर जाऊन बसले होते. साताऱ्याची गाडी लागलेली होती समोर. चढले नाही. का चढले नाही ते मला अजून सांगता येत नाही. पिच्चरमध्येपण सांगितलेलं नाही. बरं झालं नाही सांगितलं."

तिच्या मागे बसलेल्या एका आजींनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. 'ओढलाय' म्हणणाऱ्यांपैकी एका सरांनी तिला विचारलं, "मग त्यातलं काही कापायचं झालं तर?" ती म्हणाली, "पहिल्या भागातलं कापा." सरांनी मान डोलावली आणि पुढच्या बैठकीला ते चित्रपट पुन्हा पाहून आले. त्यांचं मत बदललं नव्हतं, पण आता त्यांच्याकडे कारणं होती. कुठला प्रसंग दोनदा आल्यासारखा वाटतो, कुठे पार्श्वसंगीत नको होतं, हे ते नेमकं सांगत होते. मला हे फार आवडलं. मत बदलावं असा बैठकीचा हट्ट कधीच नव्हता. माझं स्वतःचं म्हणाल तर 'सैराट'चा गाभा इंटरव्हलनंतर आहे असं मी मानते. पहिल्या भागातल्या गाण्यांनी आपल्याला त्या दोघांच्या इतकं जवळ नेलेलं असतं, म्हणूनच शेवटी आवाज काढून घेतला जातो आणि लहान मुलाची रक्तातली पावलं तेवढी दिसतात, तेव्हा आपल्याला पळून जाता येत नाही.

'सैराट'चे दिग्दर्शक नागराज मंजुळे यांच्याच 'फँड्री'वरची बैठक त्याआधीची, २०१४ सालची. ती वेगळ्या कारणानं लक्षात राहिली. सुरुवातीचा अर्धा तास छायाचित्रण, रूपक, काळी चिमणी यावर बोलणं चाललं होतं. एक तरुण कोपऱ्यात उभा होता. तो म्हणाला, "डुक्कर काठीला बांधून नेतात, मागच्या भिंतीवर आंबेडकर, फुले, सावित्रीबाई, शाहू महाराज. आमच्या शाळेच्या भिंतीवर अशीच चित्रं होती. त्याच भिंतीच्या कडेनं मला चिडवत घरापर्यंत यायचे. तुम्ही रूपकं बोला, मला ती भिंत दिसते." पुढे बराच वेळ कुणी काही बोललं नाही. त्या वेळी मध्येच बोलून शांतता भरून काढण्याचा मोह मला झाला होता. तो आवरला. बैठक चालवणाऱ्याला बोलता येण्याइतकंच गप्प राहता यायला हवं. थोड्या वेळानं तो स्वतःच पुढे बोलला, आणि शेवटी चित्रपटातल्या जब्या या मुलानं भिरकावलेला दगड कुणाकडे येतो, यावर त्या दिवशी जी चर्चा झाली तिच्यात कुणीही सावध बोललं नाही.

काहींना बोलायचं नसतं, तेही मला या कामातूनच कळलं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' आम्ही मंडळात दाखवला. स्मृतिभ्रंश झालेले संस्कृतचे पंडित, त्यांना गाडीत बसवून मुलगी थोड्या वेळासाठी दुकानात जाते, आणि तेवढ्यात ते रस्त्यावरून चाललेल्या हत्तीमागे निघून जातात. डॉ. मोहन आगाशे यांनी ते काम केलं आहे. चित्रपट संपल्यावर एक बाई उठून गेल्या, पुढे काही महिने आल्याच नाहीत. मग एका बैठकीत, दुसऱ्याच कुठल्या चित्रपटाचं बोलणं चालू असताना म्हणाल्या, "त्या मुलीला सगळे बोल लावतात, गाडीत एकटं सोडलं म्हणून. मी वडिलांना आठ वर्षं सांभाळलं. त्या दुकानात तिला तेवढीच मोकळी मिनिटं मिळाली होती." एवढं बोलून त्या बसल्या. बैठकीला वेळापत्रक असलं तरी माणसाच्या मनाला नसतं. कधी कुठल्या चित्रपटाबद्दल बोलायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

भांडणंही झाली. राजकारणाशी किंवा इतिहासाशी संबंध असलेला चित्रपट आला की आवाज चढतात. अलीकडे ते वाढलं आहे. काही माणसं चित्रपट न पाहताच मत घेऊन यायला लागली, पाठिंब्याचं किंवा विरोधाचं. त्यावर आम्ही एकच पाळतो. पाहिला असेल तरच बोलायचं, आणि पडद्यावरचा प्रसंग सांगून बोलायचं. त्यावरून दोन सभासद सोडून गेले. त्याचं मला दुःख आहे, पण हे बंधन सैल केलं असतं तर बैठकच राहिली नसती.

मार्च २०२० नंतर सगळं मोबाइलवर गेलं. लोकांनी त्या काळात जन्मात पाहिले नव्हते इतके चित्रपट पाहिले. पण दहा माणसांनी दहा वेगळ्या गोष्टी पाहिलेल्या असायच्या आणि एकमेकांना देण्यासारखं त्यांच्याजवळ फारसं काही नसायचं. म्हणून महिन्याचा एक समान चित्रपट ठरवला. 'द डिसायपल' २०२१ च्या एप्रिलअखेर नेटफ्लिक्सवर आला, तेव्हा तो घेतला. व्हेनिसच्या महोत्सवात पटकथेचं पारितोषिक मिळवलेला चित्रपट, पण आमच्याकडे त्यावर बोलली ती घरोघरी जाऊन गाणं शिकवणारी एक शिक्षिका. चित्रपटातला गायक शरद नेरुळकर रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावरून मोटरसायकल चालवतो, कानात त्याच्या गुरूंच्या गुरू माईंची जुनी ध्वनिमुद्रणं, आणि सगळं संथ गतीत. ती म्हणाली, "माईंचा आवाज इतका खात्रीनं बोलतो ना, की आपण कमी पडलो असंच वाटत राहतं. मी तशीच बारा वर्षं गायले. चुकीचं असं काही त्या सांगत नाहीत. पण कुणीतरी त्या पोराला सांगायला हवं होतं की गाणं नाही जमलं तरी तू वाईट माणूस नाहीस." माईंना आवाज दिला होता तो सुमित्रा भावे यांनी. चित्रपट प्रदर्शित होण्याआधी काहीच दिवस त्या गेल्या. ज्यांनी 'अस्तु' आणि 'कासव' पाहिले होते, त्यांना तो आवाज ऐकताना फार जड गेलं.

आता बैठक पुन्हा हॉलमध्ये भरते. नवी मुलं येतात. बरीचशी मतं ती मोबाइलवरून तयार घेऊन येतात. पाचपैकी किती तारे, पहिल्या आठवड्यात गल्ला किती, हे त्यांना तोंडपाठ असतं. सुरुवातीची दहा मिनिटं ते बोलून घ्यायला मी हरकत घेत नाही. मग विचारते, "बरं, तुला काय दिसलं?" एखादा गोंधळतो, डोकं खाजवतो आणि मग असं काहीतरी सांगतो जे कुठल्याच परीक्षणात आलेलं नसतं. परवा एकानं एका मसालापटातली हाणामारी सांगताना मध्येच म्हटलं की नायकानं ज्याला मारलं, त्याच्या हातात डबा होता, आणि डबा सांडल्यावर त्यात भाकरी दिसली. ते पाहिल्यापासून त्याला त्या नायकाबद्दल प्रेम वाटेना. तो मुलगा कारखान्यात कंत्राटावर काम करतो. दिग्दर्शकाला ती भाकरी दाखवायची होती की चुकून राहिली, कोण जाणे. मुलाला ती दिसली, एवढं माझ्यासाठी पुरे.

तुमच्या गावात अशी बैठक सुरू करायची असेल तर जरूर करा. पडदा, प्रोजेक्टर, वर्गणी, काही लागत नाही. वाचनालयाची खोली किंवा कुणाची ओसरी चालते, सात-आठ माणसं पुरतात. सुरुवात वयानं सर्वांत लहान असेल त्याच्यापासून करा, म्हणजे मोठ्यांचं ऐकून त्याचं मत झाकलं जाणार नाही. चहा बोलणं झाल्यावर द्या, आधी दिला तर लोक गटागटानं बोलून मोकळे होतात. ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्यादेखत शेवट सांगू नका. आणि कुणी टुकार चित्रपटाचं नाव घेतलं तर त्याला अडवू नका, त्यात त्यानं काय पाहिलं ते विचारा. आमची बैठक महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी असते. साताऱ्यात असाल तर या, आणि येताना काहीतरी पाहून या.